चिऱ्याच्या जुन्या घराला चुन्याचा गिलावा: कोणता निवडायचा, कसा करायचा

कोकणातल्या जुन्या घरांचा जांभा दगड म्हणजे चिरा, आणि चिरा पाणी पितो. जोत्यातून ओल चढते, पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस चार महिने आदळतो. पावसाळ्यानंतर ही ओल बाहेर पडायला हवी. सिमेंटचा गिलावा तिची वाट अडवतो. मग खाऱ्या हवेतलं मीठ गिलाव्यामागे साचतं, सुकताना त्याचे खडे फुगतात आणि चिरा भुगा होऊन झडतो. याला लोणा लागणं म्हणतात. गिलावा चिऱ्यापेक्षा नरमच असावा. झिजायचं तर त्याने झिजावं.

आधी भिंत वाजवून पाहा. पोकळ आवाज येईल तिथलं सिमेंट छिन्नी-हातोड्याने काढा. ब्रेकर लावू नका, चिऱ्याच्या कडा तुटतात. लोणा सुक्या ब्रशने झाडून काढा. धुतलात तर मीठ विरघळून पुन्हा भिंतीतच शिरेल. भिंतीला आठ-पंधरा दिवस वारा लागू द्या आणि कौलांच्या पागोळ्या जोत्यावर पडत असतील तर त्या आधी दूर न्या. हे न करता केलेला गिलावा खालच्या दोन फुटांत हमखास सुटतो.

चुना कोणता? कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विरवून केलेली लगदी सर्वात उत्तम. विरवताना चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर ओतायचं नाही. उकळून उडतो आणि डोळे जातात, म्हणून चष्मा हवाच. लगदी गाळून किमान महिनाभर पाण्याखाली ठेवा. न विरलेले खडे राहिले तर ते गिलाव्यात नंतर फुगतात आणि पुळ्या उठतात. पिशवीतली चुन्याची पूड घेतलीत तर निदान एक दिवस भिजवा. पूड जुनी आहे का हे पाहायला चिमूटभर व्हिनेगरमध्ये टाका. जोरात फसफसली तर ती हवा लागून मेलेली, परत करा.

नुसता चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आवळतो, म्हणजे घट्ट होतो, दमट दिवसांत फार सावकाश. म्हणून बाहेरच्या भिंतीला सुरखी, म्हणजे विटांची पूड, मिसळाच. सुरखी कमी भाजलेल्या विटांची, बारीक चाळलेली हवी. खंगर, म्हणजे जास्त भाजलेल्या, विटांची पूड चुन्याशी नीट जुळत नाही. विकतचा हायड्रॉलिक, म्हणजे पाण्यानेही आवळणारा, चुनाही चालतो, पण ३.५ प्रतीचा घ्या. ५ प्रतीचा जुन्या चिऱ्याला कडक होतो.

बाहेरच्या भिंतीचं प्रमाण: १ भाग लगदी, १ सुरखी, २ वाळू. आतल्या भिंतीला १ भाग लगदीस ३ वाळू पुरे. साधारण १०० चौरस फुटांच्या १२ मिमी थराला ५० लिटर लगदी, ५० लिटर सुरखी, १०० लिटर वाळू लागते; चिऱ्याचे खड्डे यात धरले आहेत. वाळू समुद्राची नको. नदीची, जाड-बारीक मिश्र आणि धुतलेली घ्या. मिश्रण घट्ट ठेवा, पाण्याने सैल केलं की भेगा पडणारच.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, म्हणजे पावसाआधी गिलाव्याला चार-पाच महिने मिळतात. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी पुन्हा शिंपडा. ओलसर हवी, पाणी निथळायला नको. चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, आधी भरून घ्या. मग पहिला १० ते १२ मिमीचा थर जोर देऊन थापा आणि तिरक्या रेघा ओढा. अंगठ्याच्या नखाची खूण उमटेनाशी झाली की दुसरा ८ मिमीचा थर द्या. लाकडी रंधा फिरवा, पण लोखंडी थापीने घोटून चकचकीत करू नका, वरची पापडी श्वास कोंडते.

नंतरचे दिवस सर्वात नाजूक. ओलं गोणपाट टांगून ऊन आणि वारा अडवा, दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी शिंपडा, निदान दहा दिवस. गिलावा भराभर सुकला तर चुना आवळतच नाही, हात फिरवला की पावडर निघते. बारीक भेगा दिसताच ओल्या रंध्याने दाबून मिटवा. दोन दिवसांनी त्या मिटत नाहीत.

वर ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट लावू नका, सगळी मेहनत वाया जाते. चुन्याची सफेदी पातळ, दुधासारखी करून तीन-चार हात द्या, प्रत्येक हाताआधी भिंत ओलसर करून. पुढल्या दिवाळीआधी पश्चिमेची भिंत तपासा आणि तिथेच एक हात जास्त द्या.