पणजोबांची तिथी सापडली, सन सापडेना

आमच्या घरी श्राद्धाच्या वहीत पणजोबांपुढे ‘शके 1827, माघ वद्य 5’ एवढंच लिहिलेलं. कोणीतरी खाली पेन्सिलीने 1905 लिहून ठेवलंय. त्या आकड्यावर विसंबून वडोद्यात जुन्या मराठी साप्ताहिकाच्या 1905च्या फायली चाळल्या; नाव कुठेच नाही.

गोम हिशोबात होती. शकाला 78 मिळवले की सन येतो, हे खरं, पण चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच. शक चैत्रात बदलतो, इंग्रजी वर्ष जानेवारीत. म्हणून माघ-फाल्गुनासाठी 79 धरायचे. म्हणजे फेब्रुवारी 1906! गुजराती कागदांत तर विक्रम संवत असतो आणि तो कार्तिकात, दिवाळीनंतर बदलतो. तिथे ही तिथी संवत 1962ची. त्यामुळे एकाच घटनेचे दोन कागद वेगवेगळ्या वर्षांचे वाटतात.

मग 1906ची फाइल काढली. पिवळ्या, कडा झडलेल्या पानावर चार ओळींची मृत्युवार्ता मिळाली. आडनाव नाही! नुसतं नाव, वडिलांचं नाव आणि ‘खासगीकडील कारकून, रावपुरा’. खासगी म्हणजे राजघराण्याचं खातं, रावपुरा हा वडोद्यातला भाग. आडनावावरच शोधणाऱ्याला ही बातमी जन्मात दिसली नसती.

नोकरीचं खातं कळल्यावर पुढचा माग बडोदा संस्थानच्या दप्तरात. तिथे जुने कागद मोडी लिपीत, त्यामुळे वाचणारा सोबत हवाच. फोटो काढायची परवानगी आधी विचारा, आणि पानाचा फोटो घेताना वरची तारखेची ओळ नक्की येऊ द्या.