खानदेशातून लडाखच्या पुगा खोऱ्यात जाताना

लडाखात उकळत्या पाण्याचे झरे पाहायला निघालो, तेव्हा आईने विचारलं, “आपला उनपदेवसारखंच शे का?” अडावदजवळच्या उनपदेवला गोमुखातून येणाऱ्या ऊन पाण्याखाली आम्ही लहानपणापासून अंघोळी केल्या आहेत. पुगाचं पाणीही जमिनीच्या पोटातच तापतं. पण जळगाव जेमतेम २०० मीटरवर, आणि पुगा सुमारे ४,४०० मीटरवर. त्यामुळे सगळ्यात आधी विचार उंचीचा करायचा.

जून ते सप्टेंबर हा काळ बरा. भुसावळहून रेल्वेने दिल्ली आणि तिथून विमानाने लेह, हा सोपा मार्ग. मात्र विमान तासा-सव्वातासात तुम्हाला थेट ३,५०० मीटरवर नेऊन ठेवतं. हाताशी दिवस असतील तर श्रीनगर-कारगिल रस्त्याने जा, अंगाला उंची हळूहळू मानवते. विमानाने गेलात तर लेहमध्ये किमान दोन दिवस नुसते आराम करा. भरपूर पाणी प्या, दारू टाळा. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना विचारा. उंचीवरची गोळीही त्यांच्याच सल्ल्याने घ्या.

डोकं ठणकतंय, मळमळतंय, तर वर जायचं नाही. त्रास वाढला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. “इतक्या लांब आलोय तर...” हा विचार तिथे जिवावर बेततो.

लेहमध्येच परवाना आणि शुल्काचे चालू नियम विचारून घ्या. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेड न्या. पुढचा रस्ता उपशीवरून सिंधूच्या काठाने जातो. चुमाथांगला मुक्काम करा, तिथेही नदीकाठी गरम झरे आहेत. पहाटे निघून माहे पूल ओलांडला की सुमदोवरून पुगा. सोबत दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या. त्या उंचीवर पाणी साधारण ८५ अंशांनाच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही.

सकाळची वेळ सोडू नका. हवा गार असते तेव्हाच वाफ दाट दिसते. गाडीतून उतरताच गंधकाचा वास येतो, मग पायाखाली क्षारांचा पांढरा थर लागतो. उन्हाळ्यात तापीच्या पात्रात गाळ वाळून पापुद्रे धरतो ना, अगदी तसाच. फसगत इथेच होते. वरून टणक दिसणाऱ्या पापुद्र्याखाली भाजणारा चिखल असू शकतो. मळलेल्या वाटेनेच चाला, स्थानिक चालकाच्या मागे राहा, पोरांचा हात सोडू नका. मी एका झऱ्यापासून पाच-सहा पावलांवर उभा होतो. बुडबुड, बुडबुड, मग एकदम उसळी, आणि वाऱ्याने वाफ तोंडावर आली. चष्मा पुसून पुन्हा लावेपर्यंत त्यावर पांढरे ठिपके वाळले होते.

उनपदेवची सवय म्हणून पाण्यात हात घालू नका. काही झऱ्यांचं पाणी ८० अंशांच्या वर असतं. भाजलंच तर वीस मिनिटं गार पाणी ओता, म्हणून गाडीत पाण्याचा जास्तीचा कॅन ठेवा. मोठं रुग्णालय थेट लेहला, आणि तो रस्ता काही तासांचा आहे.