माणशी ११० किलो साखर? पुरवठ्याचे आकडे वाचताना या चुका टाळा

२०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रात १३७ लाख टन साखर झाली, उत्तर प्रदेशला मागे टाकून आपण पहिले आलो. तेव्हा मी एका मीटिंगसाठी स्लाइड बनवत होतो. महाराष्ट्राची लोकसंख्या धरली साडेबारा कोटी, एक्सेलमध्ये भागाकार मारला, उत्तर आलं माणशी ११० किलो, आणि घाईत ते तसंच स्लाइडवर टाकलं. समोर कोल्हापूरकडचे एक साखर व्यापारी बसलेले, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "साहेब, दिसाला तीनशे ग्रॅम साखर? आमी काय मुंग्या हाय व्हय?"

हॉल हसला, मीपण हसलो, घाम मात्र फुटला होता.

ही चूक मी एकट्याने केलेली नाही हे नंतर कळलं. पेपरात, प्रोजेक्टमध्ये, अगदी एमबीएच्या डेझर्टेशनमध्ये पण साखर-गूळ-मधाचे आकडे असेच उचललेले दिसतात. तर मी स्वतः ज्या ज्या खड्ड्यात पडलोय ते सांगतो.

सगळ्यात मोठी गडबड उत्पादन आणि पुरवठा एकच समजण्यात होते. कारखाना जिथे उभा आहे त्या राज्याच्या नावावर साखर लागते, खाणारा कुठला का असेना. सीमाभागात तर ऊस कर्नाटकातला आणि गाळप महाराष्ट्रात, किंवा उलटं, हे दर हंगामात चालतं. गोव्याचं बघा, तिथला एकुलता एक कारखाना म्हणजे धारबांदोड्याचा संजीवनी, त्याचं गाळप २०१९-२० पासून बंद आहे, मग माझ्या त्या पद्धतीने गोव्याचा माणूस वर्षाला शून्य किलो साखर खातो असं उत्तर येईल आणि तो चहा काय मीठ घालून पितो का? गोव्यात अजून एक गंमत, तिथे टुरिस्ट पण खातात पण भाजक फक्त रहिवाशांचा असतो. म्हणून तर एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या, नव्या ताळेबंदात (फूड बॅलन्स शीट) पर्यटकांचा खप हा वेगळा रकाना आहे, मालदीवसारख्या देशात त्याशिवाय हिशोबच लागत नाही.

फूड बॅलन्स शीट म्हणजे नावाप्रमाणे ताळेबंदच. उत्पादन अधिक आयात वजा निर्यात, त्यात साठा किती वाढला की घटला ते धरायचं, मग त्यातून पशुखाद्य, बियाणं, नासाडी, प्रक्रिया, इतर वापर वजा करायचे, आणि शेवटी जो उरतो तो 'फूड सप्लाय'. म्हणजे हा आकडा कुणी तराजू घेऊन मोजलेला नाही, वजाबाकीत उरलेला आहे. वरच्या प्रत्येक रकान्यातली चूक गोळा होऊन इथे येते.

भारताचाच २०२१-२२ चा हंगाम हातात घेऊन करून बघू, पेन घ्या. सुरुवातीचा साठा साधारण ८२ लाख टन. साखर झाली ३५९ लाख टन. निर्यात जवळपास ११० लाख टन, आणि हंगाम संपताना शिल्लक ६० लाख टन. ८२ अधिक ३५९ म्हणजे ४४१, त्यातून ११० आणि ६० गेले, उरले २७१. एवढे लाख टन देशात उठले. १४१ कोटी लोकांनी भागलं की माणशी १९ किलोच्या आसपास, दिवसाला बावन्न-त्रेपन्न ग्रॅम, चहाचे दहा चमचे म्हणा. आता हाच हिशोब साठा आणि निर्यात न धरता केला तर २५ किलोच्या वर जातो. आणि अजून एक पाचर आहे, त्या वर्षी कारखान्यांनी उसातून काढली ती ३९४ लाख टनांएवढी साखर, त्यातली ३५ लाख टन इथेनॉलकडे वळली. काही तक्ते वळवण्याआधीचा आकडा देतात, काही नंतरचा. कुठला घेतलाय ते तक्त्याखालच्या बारीक अक्षरात असतं आणि ती बारीक अक्षरं कोणीच वाचत नाही, मीसुद्धा वाचत नव्हतो.

ते १९ किलो पण घरातल्या डब्यातले नाहीत बरं का. त्यात बिस्किटं, कोल्ड्रिंक, हलवायाचे पेढे, आइस्क्रीम, औषधाचं सिरप सगळं आलं. त्यामुळे घरोघरी फिरून केलेल्या खर्चाच्या सर्व्हेत साखर कमी दिसते आणि ताळेबंदात जास्त, आणि लोक लगेच म्हणतात यातला एक आकडा खोटा. दोन्ही खरे असू शकतात, मोजलेली वस्तू वेगळी आहे. फूड सप्लाय म्हणजे खायला उपलब्ध. ताटात टाकलेली जिलेबी आणि कपाच्या तळाशी राहिलेला साखरेचा थर पण त्यातच असतो.

आता फाओस्टॅटवरून, म्हणजे एफएओच्या आकड्यांच्या वेबसाइटवरून, डाउनलोड करणाऱ्यांसाठी, इथे लोक हमखास आपटतात.

पहिलं म्हणजे 'रॉ इक्विव्हॅलंट' हे शब्द. तिथली साखर कच्च्या साखरेच्या वजनात असते, आपल्याकडचे आकडे पांढऱ्या साखरेचे. पांढऱ्याला साधारण १.०८७ ने गुणलं की कच्ची होते. म्हणजे वरचे आपले १९ किलो तिथे पावणेएकवीस-एकवीस दिसणार. हे माहीत नसलं की माणूस "एका वर्षात खप आठ-नऊ टक्के वाढला" अशी हेडलाइन करतो, वाढलेलं काहीच नसतं, एक आकडा एका सोर्सचा आणि पुढचा दुसऱ्याचा एवढंच.

दुसरं, युनिट. तक्ता हजार टनांत असतो. २७,१०० लिहिलं असेल तर ते २७१ लाख टन. दशलक्ष आणि लाख यांत दहापट फरक आहे हे आपल्याला शाळेपासून येतं, पण रात्री अकराला डेडलाइन असताना येत नाही. माझा साधा उपाय, काहीही काढलं की त्याचे दिवसाचे चमचे करून बघायचे. चमचा पाच ग्रॅमचा धरा. उत्तर एक चमचा किंवा शंभर चमचे आलं तर शून्य कुठेतरी पडलंय किंवा चिकटलंय.

तिसरं, आणि यात मी आख्खा एक आठवडा घालवलाय: एकूण गटात नक्की काय आहे. 'शुगर अँड स्वीटनर्स' या एका ओळीत साखर, नॉन-सेंट्रिफ्युगल साखर, इतर स्वीटनर्स आणि मध, असं चौघांचं कुटुंब आहे. नॉन-सेंट्रिफ्युगल हे भयंकर नाव म्हणजे आपला गूळ हो, ज्यात मळी वेगळी काढायला यंत्र फिरवत नाहीत तो. आणि कोलंबियात जो पनेला म्हणतात तोही. नुसती साखरेची ओळ घेऊन भारत किंवा कोलंबिया "कमी गोड खातात" म्हणालात तर गूळ हिशोबातून गेला. ऊस आणि बीट मात्र वेगळ्या गटात आहेत, 'शुगर क्रॉप्स'मध्ये, ते यात मिळवू नका, ऊस पण मोजला आणि त्याच उसाची साखर पण मोजली असं होतं.

अमेरिकेचं याच्या उलट आहे. तिथे १९८४ मध्ये कोक-पेप्सीने साखर सोडून मक्याचं फ्रुक्टोज सिरप धरलं, ते 'इतर स्वीटनर्स'मध्ये बसतं. फक्त साखरेचा आलेख काढला की ऐंशीच्या दशकात अमेरिकन एकदम शहाणे झाले असं वाटतं. ते शहाणे वगैरे काही झाले नव्हते, गोडवा एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेला. सॅकरिन, अॅस्पार्टेमसारखे बिनकॅलरीचे गोडवे मात्र या तक्त्यात शोधू नका.

एफएओच्या ताळेबंदाच्या आकड्यांची जुनी मालिका आणि नवी मालिका हे एक वेगळंच दुखणं. जुन्या पद्धतीची २०१३ ला संपते, नवी २०१० पासून सुरू होते, मधली चार वर्षं दोन्हीकडे आहेत आणि आकडे जुळत नाहीत. पद्धत बदलली, लोकसंख्येचे अंदाज बदलले. दोन्ही खालीवर चिकटवून पन्नास वर्षांची एक रेघ ओढली की जोडावर उडी किंवा खड्डा दिसतो आणि मग लोक त्याची कारणं शोधत बसतात, मान्सून, सरकार, जीएसटी, काय वाट्टेल ते. आधी ती चार वर्षं शेजारी शेजारी ठेवून फरक किती ते बघा.

प्रदेशाचे आकडे काढताना बेरीज जरा जपून. यादीत 'चीन' आहे आणि 'चीन, मेनलँड' पण आहे, पहिल्यात दुसरा आलेलाच आहे. तसंच आशिया, दक्षिण आशिया, अल्पविकसित देश हे सगळे गट देशांच्याच फायलीत बसलेले असतात, फिल्टर न लावता पूर्ण कॉलम बेरजेला घातला तर जगाने जगापेक्षा जास्त साखर खाल्ली असं निघतं. एका पोराने मला तशी शीट पाठवली होती, खाली 'प्लीज व्हेरिफाय' लिहून, बिचारा दोन दिवस बसला होता. दक्षिण आशियात इराण पण धरतात हे पण लक्षात असू द्या, सार्कची यादी डोक्यात ठेवून बेरीज केली तर कधीच जुळणार नाही. आणि सरासरी काढताना नऊ देशांचे किलो मिळवून नवाने भागू नका हो! पाच-साडेपाच लाखांचं मालदीव आणि १४० कोटींचा भारत एकाच वजनाचे होतात. एकूण टन भागिले एकूण माणसं, बस.

वर्षाचा घोळ थोडक्यात. आपला साखर हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, आयात-निर्यातीचे सरकारी तक्ते बरेचदा एप्रिल ते मार्च, ताळेबंद कॅलेंडर वर्षाचा. उत्पादन एका वर्षाचं आणि निर्यात दुसऱ्याची घेतली की साठ्यात भूत शिरतं.

आता गूळ. इथे मला कुठलाच आकडा छातीठोक वाटत नाही. २०२१-२२ ला देशात ५००० लाख टनांच्या वर ऊस झाला, त्यातला ३५७४ लाख टन कारखान्यांनी गाळला. उरलेल्या चौदाशेहून जास्त लाख टनांना लोक सरळ दहा टक्के उतारा (शंभर किलो उसाला दहा किलो गूळ) लावतात आणि एवढा गूळ झाला म्हणून मोकळे होतात. अहो, त्यात बेणं किती गेलं, जनावरांना वैरण किती गेली, रसवंतीवर किती गेला, पोरांनी बांधावर बसून किती सोलून खाल्ला? करवीर-पन्हाळ्याकडे गुऱ्हाळावर जाऊन बघा, काहिलीतून गुळाचा रवा (ढेप) निघतो, टेम्पोत चढतो, मार्केट यार्डात सौद्याला गेला तर नोंद झाली, पाहुण्याच्या घरी गेला तर नाही. खांडसरीचं, म्हणजे छोट्या कारखान्यांतल्या देशी साखरेचं, पण तेच होतं, २०२५ च्या साखर नियंत्रण आदेशात दिवसाला ५०० टनांवर गाळप करणारे खांडसरी कारखाने नियमांच्या कक्षेत घेतले, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत आकडा वर गेला तर तो खप वाढल्यामुळे की नोंद वाढल्यामुळे हे आधी विचारा.

मग आकडा विचित्र दिसला तर करायचं काय? मी शेजारच्या रकान्यातलं फ्लॅग बघतो. 'ए' म्हणजे देशाने दिलेला अधिकृत, 'ई' म्हणजे अंदाज, 'आय' म्हणजे गाळलेल्या जागा भरलेल्या. सलग तीन-चार वर्षं साठ्यातला बदल शून्य असेल किंवा एकाच दिशेला चालला असेल तर मला संशय येतो, कारण गोदाम कधी तरी भरतं आणि कधी तरी रिकामं होतं. मोठी रिफायनरी असलेल्या बंदराच्या देशात, यूएईसारख्या, कच्ची साखर आत येते आणि पांढरी बाहेर जाते, तिथे आयात-निर्यातीतली थोडीशी चूकसुद्धा माणशी किलोत डोंगर होऊन दिसते कारण भाजक लहान आहे. अशा देशाचा आकडा मी पहिल्या पाचात आला तरी स्लाइडवर घेत नाही.

आणि फाइलच्या नावात डाउनलोडची तारीख टाका. शेवटच्या एक-दोन वर्षांचे आकडे पुढच्या अपडेटला बदलतात, कधी कधी मागचे पण बदलतात, आणि सहा महिन्यांनी कोणी विचारलं हा २०.९ कुठून आणला तर 'फायनल_नवीन_२' या नावाच्या फाइलकडे बघून काहीही आठवत नाही.