स्कोअर एक्सपोर्ट करण्याआधीची तयारी

वृंदगानाचा स्कोअर (सगळ्या आवाजांचं एकत्र नोटेशन) म्यूझस्कोअर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून झाला, तालीम तोंडावर आली, की आधी कोणाला काय लागणार ते ठरवा. वाचून गाणाऱ्याला पीडीएफ, ऐकून पाठ करणाऱ्याला एमपी३, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करणाऱ्याला म्यूझिकएक्सएमएल. मिडी फक्त संगीत संयोजकाला द्या. त्यात कोणता स्वर किती वेळ, किती जोरात, एवढंच असतं. मधल्या सीच्या वरचा जी शार्प आणि ए फ्लॅट लिहायला वेगळे, पण पियानोवर पट्टी एकच; मिडीत दोन्ही ६८ याच आकड्यात बसतात, त्यामुळे मिडीतून पुन्हा नोटेशन काढायला गेलं की निस्तरायला अख्खा दिवस जातो.

मग शब्द तपासा, आणि इथे अजिबात घाई नको. ‘चंद्र’ हा ‘चं-द्र’ असाच तोडलेला हवा. लांबवलेल्या ‘आ’च्या स्वरांखाली सुटा काना टाकला असेल तर तिथे ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. तो काना मागच्या अक्षराला जोडा आणि पुढे रेघ ओढा. पीडीएफमध्ये फाँट सोबत जातो, म्यूझिकएक्सएमएलमध्ये जात नाही. म्हणून समोरच्याकडे देवनागरी फाँट आहे का, हे फोन करून विचाराच.

क्लॅरिनेटचा पार्ट काढताना ‘कॉन्सर्ट पिच’ (सगळी वाद्यं प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या स्वरांत दाखवणारा पर्याय) बंद आहे ना, ते बघा. चालू राहिलं तर बी फ्लॅट क्लॅरिनेट सगळ्यांपेक्षा एक अख्खा स्वर खाली वाजेल. पान ए४ ठेवा. पीएनजी, म्हणजे पानाचं चित्र, व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर पारदर्शक पार्श्वभूमीचा पर्याय बंद करा, नाहीतर डार्क मोडमध्ये काळ्यावर काळं होऊन काहीच दिसत नाही. एमपी३ काढण्याआधी मिक्सरवर नजर टाका: अल्टोच्या (बायकांच्या खालच्या आवाजाच्या) फाइलीत अल्टो मोठा, बाकीचे बारीक.

फिनाले या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली असतील तर त्यांना पहिला नंबर द्या. ऑगस्ट २०२४मध्ये कंपनीने फिनालेचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं. ज्या संगणकावर ते अजून उघडतंय, तिथेच सगळ्या फाइलींचं म्यूझिकएक्सएमएल काढून घ्या. पानाची मांडणी थोडी हलेल, ते चालेल; सूर, ताल आणि शब्द शाबूत राहतात, हे मोठं आहे. सोबत पीडीएफही काढा, म्हणजे पुढे ताडून बघायला मूळ पान हाताशी राहील.

शेवटी काढलेली प्रत्येक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडा. सुरुवातीचा अर्धा बार (कमी मात्रांचा पहिला गट), ‘पुन्हा’च्या खुणा आणि दुसऱ्या कडव्याचे शब्द एवढं तरी डोळ्यांखालून घाला, आणि मगच ग्रुपवर टाका.