कपाशीची गळफांदी, शेंडा आणि पोटॅश : या चुका टाळा

गळफांदी काढायचे व्हिडिओ बघून लोक कात्री घेऊन पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, घुसतात आणि पहिली चूक तिथंच होते, गळफांदी राहते बाजूला अन् फळफांदीच छाटली जाते. ओळखायला सोपंय. गळफांदी बुडाजवळनं निघते अन् खोडासारखी सरळ वर जाते, फळफांदी आडवी, नागमोडी, प्रत्येक पेरावर पान अन् त्याच्यासमोर पातं, म्हणजे फुलाची कळी. पातं दिसलं की कात्री लांब ठेवा. काढायचीच तर 40-45 दिवसांपर्यंत, कोवळी असताना, नंतर झाडाचं सगळं अन्न तिच्यात गेलेलं असतं मग कापून काय उपयोग? आणि लागवड 4 बाय 2 फुटांवर असेल तर मी म्हणेन हातच लावू नका, तिथली मोकळी जागा गळफांद्याच भरतात अन् त्यांच्यावरही बोंडं लागतात. हा खटाटोप दाट लागवडीसाठी आहे.

शेंडा खुडायचा म्हणजे फक्त कोवळं टोक, वीतभर छाटायचं नाही. कोरडवाहू रानात पावसाअभावी झाड आधीच थांबलं असेल तर तेही नको.

आता खरी गोम. शेंडा खुडला की झाडाचा ओढा बोंडांकडे जातो अन् नेमकं तेव्हाच पोटॅश (पालाश) कमी पडतं. सरकीवरचा धागा लांबतो तो आतल्या पाण्याच्या दाबानं आणि तो दाब पोटॅश टिकवतं, ते नसलं तर धागा आखूड, कच्चा, मायक्रोनेअर (धाग्याची जाडी अन् पक्वता दाखवणारा आकडा) कमी, वेचणीला कवडी (नीट न उमललेला, डागाळलेला कापूस) जास्त. "काळ्या रानात पोटॅश भरपूर असतं" हे माती परीक्षणाच्या रिपोर्टमध्ये खरं असतं हो, पण बोंडं भरताना मुळांची उचल मंदावते, म्हणून त्या वेळी 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट) फवारा, 10 लिटरला 100 ग्रॅम, 10-15 दिवसांनी परत एकदा. दुकानदार बोंड फुगवायचं टॉनिक पुढं करेल, ते राहू द्या.

हिशोबातही गडबड होते, शिफारशीत 30 किलो पालाश लिहिलं की लोक 30 किलो म्युरेट (म्युरेट ऑफ पोटॅश खत) टाकतात, अरे 50 किलोच्या अख्ख्या गोणीत पालाश 30 किलो असतं!

आणि पान लाल झालं की लगेच पोटॅश ओतू नका. खालची पानं लाल-जांभळी पण शिरा हिरव्या असतील तर मॅग्नेशियमची कमी आहे, जास्तीच्या पोटॅशनं त्याची उचल अजून घटते, तिथं मॅग्नेशियम सल्फेट फवारा, 10 लिटरला 100 ग्रॅम. पोटॅशची कमी बोंडं भरताना बहुतेक वरच्या पानांवर दिसते, कडा पिवळ्या पडून करपत आत येतात.