सरकारी शाळेने नियमातून शिथिलता कशी मागावी

‘आमच्या शाळेला स्वायत्तता द्यावी’ असा अर्ज शिक्षण खात्याकडे गेला, तर त्यावर निर्णय देणे कोणालाच शक्य होत नाही, कारण कोणता नियम, किती काळासाठी आणि कशासाठी सैल करायचा हे त्यात आलेले नसते. एकाच नियमापुरती, मुदत घालून मागितलेली शिथिलता मात्र विचारात घेता येते. गोव्यातील सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या तालुक्यांतील कमी पटाच्या प्राथमिक शाळांना गरज असते ती अशाच छोट्या मोकळिकीची.

प्रथम, अडचणीचे बंधन नेमके कोठे लिहिलेले आहे ते शोधावे. ते शिक्षण हक्क कायदा २००९ किंवा गोवा शालेय शिक्षण कायदा १९८४ यांत असेल, तर खाते ते आपल्या अधिकारात सोडू शकत नाही. ते या गोवा कायद्याखालील १९८६ च्या नियमांत असेल, तर शिथिल करण्याचा अधिकार त्या नियमांनीच कोणाला दिला आहे का, हे पाहावे लागते. परिपत्रकात असेल, तर ज्या कार्यालयाने ते काढले तेच त्यात बदल करू शकते. भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख मागून घ्यावी. वर्षानुवर्षे नियम म्हणून पाळली जाणारी गोष्ट पुष्कळदा परिपत्रकातही नसते. मागे कधी तरी तपासणीच्या वेळी कोणी मारलेला तो शेरा असतो, आणि तसे आढळले तर शिथिलता मागण्याचे कारणच उरत नाही.

काही बाबींना हात लावू नये. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, शारीरिक शिक्षेला बंदी या तरतुदी मुलांच्या हिताच्या आहेत. एकशिक्षकी शाळेने तर दुसरा शिक्षक मागण्याचा हक्क मोकळिकीच्या बदल्यात मुळीच सोडू नये.

मागण्याजोगी मोकळीक कशी असते, ते वेळापत्रकावरून कळेल. एका खोलीत चार इयत्ता आणि शिक्षिका एकच, पण वेळापत्रकात प्रत्येक इयत्तेला त्याच तासाला वेगळा विषय लावलेला. मग तिसरीला गुणाकार शिकवला जात असताना पहिलीची मुले तेच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवत बसतात. अशा शाळेने सकाळचे सलग दोन तास चारही इयत्तांना मराठी ठेवून, मुलांचे वाचनाच्या पातळीनुसार गट करण्याची परवानगी मागावी. ठरावाची भाषा साधी असावी: ‘सदर परिपत्रकातील तासिकांच्या विभागणीपुरती शिथिलता शाळेस येत्या शैक्षणिक वर्षापासून दोन वर्षांसाठी मिळावी, आठवड्याचे एकूण तास, पाठ्यपुस्तके आणि मूल्यमापन यांत बदल होणार नाही.’ सोबत जुने आणि नवे वेळापत्रक जोडावे, तसेच मुलांची आजची वाचनाची पातळी नोंदवून ठेवावी. ही नोंद नसेल तर दोन वर्षांनी सुधारणा दाखवायला हाती काही राहत नाही.

ठराव शाळा व्यवस्थापन समितीचा हवा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात, शिवाय शाळा विकास आराखडा तयार करणे हे कायद्याने तिचेच काम आहे. म्हणून मागणी त्या आराखड्यातही घालावी. प्रस्तावावर मुख्याध्यापकांबरोबर पालक-अध्यक्षांची सही असावी, म्हणजे कर्मचारी आपल्याच खात्याविरुद्ध तक्रार करतो आहे असा रंग त्याला येत नाही.

शेजारच्या शाळांतील मुलांना आठवड्यातून एक दिवस एकत्र बसवायचे असेल, तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील शाळा संकुलाचा, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एकत्रित गटाचा, आधार देता येतो. ही कल्पना कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) काळापासूनची आहे. येथे प्रस्ताव अडतो तो बहुधा किरकोळ गोष्टींवर: त्या दिवशी माध्यान्ह आहार कोणत्या शाळेत पोहोचवायचा, हे स्वयंसहाय्य गटाला कोण कळवणार, हजेरीपट कोठे भरायचा, मुलांची ने-आण कोणाच्या जबाबदारीवर. या प्रश्नांची उत्तरे प्रस्तावातच द्यावीत.

मुदतीचा आग्रह का, ते अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या अनुभवावरून दिसते. तेथे २०१५ च्या कायद्याने शाळा-जिल्ह्यांना (आपल्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणांना) राज्याच्या काही नियमांतून पाच वर्षांपर्यंत सूट घेण्याची वाट खुली झाली, आणि सर्वाधिक मागणी झालेल्या सवलतींपैकी एक होती शाळा ठरल्या तारखेआधी सुरू करण्याची. नावीन्य म्हणून मिळालेली सूट पुष्कळ ठिकाणी सोयीसाठी वापरली गेली. मुदत असली, तर ती संपताना असा वापर तपासता येतो. आपल्या प्रस्तावाबद्दल कोणी अशी शंका घेतली, तर मुलांच्या शिकण्याशी असलेला संबंध एका वाक्यात सांगता आला पाहिजे.

प्रस्ताव भागशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत पर्वरी येथील शिक्षण संचालनालयाला पाठवावा, जावक क्रमांक आणि पोचपावती जपून ठेवावी. बरेच दिवस काहीच कळले नाही, तर समितीतील एखाद्या पालकाने माहिती अधिकाराखाली फाईलवरील टिपणी मागावी. उत्तरासाठी साधारणपणे तीस दिवसांची मुदत असते. आदेश मुख्याध्यापकांच्या नव्हे तर शाळेच्या नावे घ्यावा आणि त्याची प्रत कार्यभार हस्तांतराच्या यादीत नोंदवावी, कारण बदली होऊन आलेल्या नव्या शिक्षकाला तो ठाऊक नसला तर पहिल्याच आठवड्यात जुने वेळापत्रक पुन्हा भिंतीवर लागते.