उन्हाळ कांदा टिकवण्याचं तंत्र गावात सांगायचंय? त्याआधीची तयारी

आधी तारखेचं बघा. कांदा साठवणुकीचे मेळावे बहुतेक एप्रिल-मेमध्ये, चाळी (कांदा साठवायच्या हवेशीर शेड) भरायला लागल्यावर होतात. तोवर निम्मी बाजी हातची गेलेली असते. जुलैत चाळीत जो कांदा सडतो किंवा मोड धरतो, त्याचं कारण पुष्कळदा फेब्रुवारीत टाकलेल्या युरियात सापडतं. लागवडीला 60 दिवस झाल्यावर नत्र (युरियातलं नायट्रोजन) दिलं की माना, म्हणजे कांदा आणि पात यांमधला भाग, जाड राहतात, उशिरा पडतात आणि लवकर वाळत नाहीत. म्हणून एक मोठा मेळावा घेण्यापेक्षा तीन छोट्या बैठका धरा. पहिली संक्रांतीच्या आसपास, शेवटचा खत हप्ता जायच्या आत. दुसरी निम्म्या माना पडल्यावर, वावरातच. तिसरी आषाढात, चाळीपाशी. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, चांदवड, येवला, सटाणा, कळवण या भागांत लागवड पुढेमागे होते, त्यामुळे जिल्हाभर एकच तारीख चालत नाही. त्या शिवारातली रोपं कधी लागली ते विचारूनच दिवस ठरवा. त्या आठवड्यात थ्री फेज लाइट दिवसा आहे की रात्री, आणि आठवडे बाजार कुठल्या वारी असतो, हेही विचारून ठेवा. मोटर चालू असताना बैठकीला माणूस बसत नाही.

आता आकडे. शिफारस हेक्टरी आणि अन्नद्रव्यात छापलेली असते, शेतकरी एकरात आणि गोणीत बोलतो. हा हिशेब निघण्याआधीच करून ठेवा. हेक्टरी 100 किलो नत्र, 50 स्फुरद, 50 पालाश म्हणजे एकरी 40, 20, 20. लागवडीला 10:26:26 हे मिश्रखत वापरणार असतील, तर 50 किलोच्या गोणीत 5 किलो नत्र आणि प्रत्येकी 13 किलो स्फुरद-पालाश मिळतं. दीड गोणीत स्फुरद-पालाशचं जवळजवळ भागतं आणि साडेसात किलो नत्रही पडतं. राहिलं साडेबत्तीस किलो नत्र. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत ते पावणेएकवीस किलोच्या आसपास असतं, म्हणजे एकरी दीड गोणीच्या थोडं वर. त्यातला काही भाग लागवडीला आणि उरलेला 30 आणि 45 दिवसांनी सारखा वाटून. एवढंच फळ्यावर लिहा. हमखास होणारी चूक म्हणजे मिश्रखतातलं नत्र न धरता युरिया वरून पूर्ण दोन गोण्या सांगणं.

पिंपळगाव बसवंतचं संशोधन केंद्र, चितेगाव फाट्याचं बागवानी प्रतिष्ठानाचं केंद्र आणि राजगुरुनगरची कांदा-लसूण संस्था, अशा जागांहून माहिती गावात येते आणि प्रत्येक आकडा जुळतोच असं नाही. काढणीआधी पाणी तोडण्याची मुदत कुठे 10 ते 15 दिवस छापलेली असते, कुठे 15 ते 20. वक्ते दोन असतील तर आदल्या दिवशी बसून एकच आकडा ठरवा आणि तो जमिनीशी जोडा. भारी काळी जमीन ओल धरून ठेवते, तिथे लांबची मुदत. हलक्या मुरमाड वावरात जवळची. वाणाचंही विचारतीलच, तेव्हा एन-2-4-1, ॲग्रीफाउंड लाइट रेड, भीमा शक्ती यांतलं बी त्या गावात कोणी कोणी केलंय याची माहिती खिशात असू द्या.

दुसऱ्या बैठकीला सामान थोडं लागतं: दोन धारदार विळे, फूटपट्टी, पाच-सहा क्रेट, पातीसकट उपटलेले कांदे. एक ताजा आणि एक तीन दिवस वावरात सुकलेला, असे दोन कांदे प्रत्येकाच्या हातात द्या आणि मान चिमटीत धरून चोळायला सांगा. ओली मान बोटांत घसरते, आतून चिकट पाणी सुटतं. वाळलेली मान दोरीसारखी पिळली जाते. मग एक मान कांद्याला लागून कापा, दुसरी आडवी दोन बोटं, म्हणजे 3 ते 4 सेंटीमीटर ठेवून. पहिल्यात पांढरा गाभा उघडा दिसतो. सड तिथूनच आत शिरते. शेतात सुकवताना पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर पडेल अशी मांडणीही तिथेच करून दाखवा, नाहीतर ऊन थेट कांद्याला लागतं. पात कापल्यावर सावलीत 10 ते 12 दिवस, मग जोडकांदे, डेंगळ्याचे (फुलाचा दांडा आलेले) आणि गोल्टी (बारीक कांदे) बाजूला काढून चाळीत. चाळीची रुंदी 4 फूट आणि थर 4 ते 5 फुटांच्या वर नको, हे काठीवर खुणा करूनच दाखवा.

बोलवायचं कुणाला, यात बहुतेक ठिकाणी चूक होते. पात कापतात बाया, तीही उक्ती, म्हणजे रोजावर नाही तर कामाच्या ठरवून घेतलेल्या दरावर. मालक मेळाव्याला येतो, टोपी-उपरणं घेऊन जातो, आणि मान किती ठेवायची हे टोळीला कोणी सांगतच नाही. टोळीच्या मुकादमीणबाईंना आधी भेटा, बैठक वावरातच आणि तासाभराचीच ठेवा, आणि त्या तासाची मजुरी कोण देणार हे मालकाशी आधी बोलून घ्या. चहा औषधं-बियाणं विकणाऱ्याकडून घेऊ नका. पुढचं सगळं बोलणं जाहिरातीत जमा होतं.

तिसऱ्या बैठकीची तयारी चाळ भरतानाच करावी लागते. एकाच वावरातला, एकाच दिवशी काढलेला कांदा घ्या, नाहीतर आषाढात वाद ठरलेला. 10-10 किलोच्या सहा जाळीच्या पिशव्या भरा: तीन मान ठेवून कापलेल्या, तीन लागून कापलेल्या. प्रत्येकीतले नग मोजून लिहा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून प्लॅस्टिकच्या तुकड्यात गुंडाळून आत टाका, शाई दमट हवेत फुटते. पिशव्या थराच्या मध्यावर, एकाच उंचीला पुरा. कडेला ठेवलेली पिशवी वारा खाते आणि खोटं चित्र दाखवते. उघडताना सडलेले, मोडाचे आणि चांगले असे तीन ढीग करा, वजन आणि नग दोन्ही घ्या. सडलेल्या कांद्याचं पाणी निथळून जातं, त्यामुळे नुसत्या वजनावर सड कमी भासते. समजा 10 किलोतला 8 किलो चांगला निघाला, तर 100 क्विंटलला 20 क्विंटल गेले. भाव किती धरायचा ते त्यांनाच सांगू द्या. काटा आदल्या दिवशी तपासा, मोजायला गावातलाच माणूस बसवा. पावसाळ्यात चाळीत अंधार असतो, बॅटरी न्या.